बेस्ट बससेवा, मुंबई

मुंबई महानगरपालिकेच्या ‘बृहन्मुंबई वीजपुरवठा आणि परिवहन’ उपक्रमाची बससेवा. लोकल गाड्या मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतात. पूर्व-पश्चिम प्रवास आणि स्टेशनापासून घर, कचेरी किंवा रुग्णालयापर्यंतची वाट यांसाठी मुंबईकराला बस लागते. म्हणून बेस्टला लोकलची पुरवणी समजणे चूक आहे. बस वेळेवर आली नाही, तर लोकलचा प्रवासही अर्धवट राहतो.

मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली; १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९४७ मध्ये उपक्रम पालिकेकडे आला आणि १९६४ मध्ये ट्राम बंद झाली. जुन्या दुमजली बसची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत झाली. त्या गाडीला फुलांनी सजवून लोकांनी निरोप दिला.

ही बससेवा कशी चालवायची, या सध्याच्या वादाचे मूळ पैशात आहे. पूर्वी बसची तूट वीज विभागाच्या उत्पन्नातून भरून निघत असे. वीज नियामक आयोग आल्यावर ती वाट हळूहळू बंद झाली आणि उपक्रम पालिकेच्या अनुदानावर आला. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये केल्यावर प्रवासी झपाट्याने वाढले. गाड्या मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. एकेकाळी चार हजारांवर असलेला ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात किमान भाडे १० रुपये झाले. आज बहुतांश गाड्या भाडेतत्त्वावरच्या आहेत: गाडी आणि चालक कंत्राटदाराचे, मोबदला किलोमीटरमागे. डिसेंबर २०२४ मधील कुर्ल्याच्या भीषण अपघातानंतर या चालकांच्या प्रशिक्षणाविषयी गंभीर प्रश्न उभे राहिले.

तुटीचा हिशेब मांडताना रस्त्यावरच्या जागेचा हिशेब क्वचितच होतो. कुर्ला पश्चिमेला सकाळी ३१० क्रमांकाच्या बससाठी वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्यांची रांग लागते. बस उशिरा आली की तीच माणसे शेअर रिक्षांत बसतात, रस्ता आणखी तुंबतो आणि मागची बसही अडकते. शेवटी तोट्याचा ठपका मात्र बसवरच येतो. मरीन ड्राइव्ह ते वरळी सागरी किनारा मार्गावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. तो खर्च ‘गुंतवणूक’ आणि बसला दिलेले पैसे ‘तोटा’, ही भाषा अन्यायाची आहे. स्वतंत्र बसमार्गिकेची मागणी जुनी आहे. मोटारींची जागा कमी होईल म्हणून तिला दरवेळी विरोध होतो.

आगारांच्या जमिनींवर व्यापारी बांधकाम करून पैसा उभारावा का, हाही वाद सुरू आहे. शहराच्या मध्यात बस उभी करायला, धुवायला, चार्ज करायला लागणारी जागा एकदा गेली की परत मिळत नाही, असे विरोधकांचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे.