एकशे एक्कावन्नावं युनिट

मध्य प्रदेशातल्या घरगुती वीजबिलात एक गंमत दडलेली आहे. गृह ज्योती योजनेप्रमाणे महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात आणि वरच्यांना नेहमीचा दर लागतो. १५० ओलांडली की सवलत गेली; मग पहिल्या युनिटापासून सगळी पूर्ण दराने. महिना संपत आला की इंदूरच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी मीटरसमोर मान वर करून उभं असतं, ते यासाठी.

नववीच्या मुलांना बीजगणिताची गोडी लावायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. युनिटाचा दर द रुपये धरू. खरे दर टप्प्याटप्प्याचे असतात, वर स्थिर आकारही असतो, पण तो गुंता पहिल्याच दिवशी नको. १५० युनिटांचं बिल झालं १०० + ५०द. १५१ युनिटांचं १५१द. वजाबाकी केली की उरतं १०१द − १००. आता द च्या जागी ६ घाला: ५०६ रुपये. हे त्या एका जादा युनिटाचे.

इथे वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, “सर, काहीतरी चुकलंय.” चुकलेलं काही नाही. दर ७ धरला तर ही उडी ६०७ रुपयांची होते. म्हणजे दर एका रुपयाने वाढला की उडी १०१ रुपयांनी वाढते. हे १०१ आले कुठून, एवढं जरी मुलांनी स्वतःहून शोधलं (१५१ वजा ५०, दुसरं काय!), तरी त्या दिवसाचा तास सार्थकी लागला.

आपल्या पुस्तकांत अक्षर म्हणजे लपून बसलेला चोर. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, पाच वर्षांपूर्वी चौपट होतं, तर वय काढा. काढलं, खाली दोन रेघा मारल्या, संपलं. पण वरच्या उदाहरणात द शोधायचा नाहीये. तो कमीजास्त करून बघायचा आहे, म्हणजे काय होतं ते कळतं. अक्षराचं हे दुसरं रूप पाण्याच्या आणि विजेच्या हिशेबात पावलोपावली भेटतं, आणि पुढे विज्ञानात कामाला येतं ते हेच.

पंख्याचं बघा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३५ च्या आसपास. रोज १५ तास चालला तर फरक ०.६ युनिट, महिन्याला १८. नवा पंखा दीड हजाराने महाग पडतो असं धरलं आणि दर ६ घेतला, तर न दिवसांसाठी समीकरण सरळ आहे: ०.६ × ६ × न = १५००. न येतो सुमारे ४१७, म्हणजे वर्षावर दीडएक महिना. पण ज्या घरात महिन्याला १६० युनिटं जळतात, तिथे? आधीचं बिल ९६०. नवा पंखा लावल्यावर युनिटं १४२, बिल १०० + ४२ × ६ = ३५२. एका महिन्यात ६०८ रुपये वाचले. दीड हजार अडीच महिन्यांत वसूल. २५० युनिटंवाल्या शेजाऱ्याला तोच पंखा तेवढाच चालवून फक्त १०८ रुपये वाचवून देतो. म्हणून ‘हे घ्या, वीज वाचते’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो: घर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे?

आता पाणी. गळक्या नळाचं गणित सगळेच घालतात आणि बहुतेक ठिकाणी उत्तर वेगवेगळं छापलेलं असतं. सेकंदाला एक थेंब, दिवसाचे ८६,४०० सेकंद, इथवर वाद नाही. पुढे कुणी म्हणतं दिवसाला चार लिटर गेले, कुणी म्हणतं वीस. दोघांनी वेगळा थेंब धरलेला असतो. औषधाच्या ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. नळाचा थेंब पाव मिलिलिटरचाही असू शकतो. तोंड जितकं रुंद तितकं जास्त पाणी सुटण्याआधी कडेला धरून राहतं, म्हणून थेंब मोठा. समीकरण दोघांचं एकच, फक्त सहगुणक, म्हणजे एका थेंबातलं पाणी, पाचपट निराळा.

तेव्हा पुस्तकातला आकडा बाजूला ठेवायचा आणि मोजायचं. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं १० मिलिलिटरचं प्लास्टिकचं झाकण नळाखाली धरा. थेंब मोजा. मोजताना दोघं हवेत, एक मोठ्याने आकडे म्हणणारा आणि एक फक्त झाकणावरची रेघ बघणारा, कारण पाण्याची कड काठाशी वर चढते आणि रेघ नेमकी कधी गाठली यावर भांडणं होतात. होऊ द्यावीत. समजा ८० थेंब लागले. मग एक थेंब म्हणजे १/८ मिलिलिटर आणि दिवसाचे १०.८ लिटर. शाळेतल्याच दोन नळांचे सहगुणक सारखे येत नाहीत, हे पाहून मुलं चक्रावतात.

इंदूरचं पाणी मात्र नुसतं लिटरात मोजून भागत नाही. १९७० मध्ये इंदूरकरांनी नर्मदेसाठी आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये ती शहरात आली. ती येते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढून. नदीकाठ समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरवर, इंदूर साडेपाचशेवर. म्हणजे प्रत्येक लिटर किमान ४०० मीटर वर चढवावा लागतो. घाटमाथा शहरापेक्षाही उंच, त्यामुळे खरा आकडा याहून जास्तच.

१,००० लिटर म्हणजे १,००० किलो. ते उ मीटर चढवायला १,००० × ९.८ × उ ज्यूल ऊर्जा लागते आणि एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की युनिटं = उ ÷ ३६७. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर या उत्तराला पुन्हा ०.७ ने भागायचं. उ = ४०० साठी दीड युनिटाच्या किंचित वर. शहरी पाणीपुरवठ्याचं भारतातलं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. चौघांचे महिन्याला १६,२०० लिटर. म्हणजे या चौघांच्या पाण्यासाठी घाटात दरमहा २५ युनिटं जळतात, आणि ती त्यांच्या मीटरवर कुठेच उमटत नाहीत. पाणी गंभीर नदीवरच्या यशवंतसागरातून आलं तर चढ फारच कमी. सूत्र तेच, उ लहान. खालच्या हौदातून गच्चीवरच्या टंकीत चढवायला उ = १२ ठेवा आणि घरगुती मोटर अगदी ३० टक्केच कामाची धरा, तरी महिन्याला दोन युनिटंही होत नाहीत.

याच सूत्रात आपला गळका नळ घाला. महिन्याचे ३२४ लिटर, अर्धं युनिट. पंख्याच्या १८ पुढे हे काहीच नाही, आणि मुलांना ते तसंच सांगावं. नळ पाण्यासाठी दुरुस्त करायचा, विजेसाठी नाही. उपदेशाला सोयीचं जावं म्हणून उत्तर फुगवलं तर गणित शिकवलं कशाला?

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे विक्रीला काढले, ते जलूदच्या ६० मेगावॉट, म्हणजे ६०,००० किलोवॉट, सौर प्रकल्पासाठी. वर्गाला हे समीकरण उलटं चालवायला सांगता येतं. रात्र, ढग, कलतं ऊन धरून असे प्रकल्प आपल्याकडे क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी वीज देतात: दिवसाला ६०,००० × २४ ÷ ५ = २,८८,००० युनिटं. हजार लिटरला १.५६ युनिट या हिशेबाने साडेअठरा कोटी लिटर, म्हणजे माणशी १३५ लिटरप्रमाणे पावणेचौदा लाख माणसांचं पाणी. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेएकोणीस लाखांच्या वर होती.

यावर विचारण्याजोगा प्रश्न असा की वाटेत जलवाहिन्या गळतात, त्याचं काय? गळतीचा हिस्सा ग धरा. घरात एक लिटर पोचवायला जलूदहून १ ÷ (१ − ग) लिटर उचलावे लागतात. ग = ०.२ असेल तर सव्वापट, ०.५ असेल तर दुप्पट. मुलांनी हे बिंदू आलेखकागदावर मांडले की रेघ वाकायला लागते. नववीतल्या सरळ रेषा इथे संपतात, आणि पट्टी बाजूला ठेवून वक्र हातानेच काढावा लागतो.