ड्रॉपनंतर बीडीएस: गेल्या वर्षीच्या फाईलवर विसंबू नका

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष घरी बसलं (यालाच ड्रॉप म्हणतात) म्हणून बीडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचा प्रवेश अडत नाही. वयाला वरची मर्यादा नाही आणि नीट किती वेळा द्यायची यालाही नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण झालेली असली की पुरे. मात्र नीटचे गुण त्या वर्षापुरतेच चालतात, मागच्या वर्षीचा स्कोअर कितीही चांगला असला तरी तो संपला.

मुलं अडकतात ती कागदांत. ड्रॉप घेतलेल्या प्रत्येकाच्या घरी मागच्या उन्हाळ्यात जमवलेली एक फाईल असते, आणि 'आमचं सगळं तयार आहे' असं पालक छातीठोकपणे सांगतात. त्या फाईलमधला अधिवासाचा दाखला खरोखरच आजही चालतो, तो पुन्हा काढायला रांगेत उभं राहू नका. उत्पन्नावर आधारलेले कागद मात्र बहुतेक वेळा ३१ मार्चलाच बाद झालेले असतात, हे कळतं ते कागदपत्र तपासणीच्या दिवशी.

पात्रतेत बारावीची अट साधी आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०, आणि मागास प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२० गुण हवेत. इंग्रजीत पास हवं. नीटला चांगले गुण आणि बारावीच्या पीसीबीत १४६, अशी मुलंही दरवर्षी निघतात. त्यांनी ड्रॉपच्या वर्षातच आपल्या ज्युनिअर कॉलेजमार्फत श्रेणीसुधार योजनेचा फॉर्म भरावा. कोल्हापूर विभागीय मंडळाची तारीख एकदा गेली की नीटचा निकाल हातात घेऊन काही करता येत नाही.

त्याहून मोठा घोळ दहावी-बारावी कुठून केली याचा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. चंदगड, गडहिंग्लजकडची मुलं जवळ पडतं म्हणून बेळगाव-निपाणीला शिकतात. काही जण कोटाच्या क्लासबरोबर राजस्थानातल्या डमी, म्हणजे नावापुरत्या शाळेत बारावी करतात. घर कोल्हापूरचं, सात-बारा कोल्हापूरचा, पण बारावीचं मार्कशीट परराज्यातलं असेल तर ८५ टक्क्यांचं दार बंद. सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी आणि सैन्यदलातल्या किंवा केंद्र सरकारी नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्यांच्या अटी राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

आता गॅप सर्टिफिकेट, म्हणजे रिकाम्या वर्षाचा खुलासा. असा कुठलाही सरकारी दाखला नसतो, त्यामुळे तहसीलमध्ये तो मागून उपयोग नाही. ते नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र असतं. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: बारावी कोणत्या महिन्यात, कोणत्या कॉलेजातून पास झाली, तेव्हापासून आजपर्यंत कुठेही प्रवेश घेतलेला नाही, कुठे नोकरी केलेली नाही, हा काळ नीटच्या तयारीत गेला. महिने सलग जुळले पाहिजेत, मधले दोन महिने हवेत राहिले की कॉलेजचा क्लार्क तिथेच बोट ठेवतो. मुलगा किंवा मुलगी १८ पूर्ण नसेल तर प्रतिज्ञापत्र पालकाच्या नावे करावं. स्टॅम्प किती रुपयांचा हवा ते कॉलेजला आधी विचारा. तहसील कार्यालयात जात, उत्पन्न किंवा अधिवासाच्या दाखल्यासाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही कचेरीबाहेर ५०० रुपयांचा स्टॅम्प गळ्यात मारला जातो, आणि आतला कोणी 'नको' म्हणत नाही.

या प्रतिज्ञापत्राचा खरा सापळा वेगळाच आहे. 'वर्ष रिकामं नको' म्हणून अनेक पालक मुलाचं नाव बीएस्सीला घालून ठेवतात. मुलगा एक दिवसही कॉलेजला जात नाही, म्हणून सगळे तो प्रवेश विसरतात. पण तो प्रवेश झालेला असतो आणि शिवाजी विद्यापीठात त्याची नोंद असते. मग 'कुठेही प्रवेश घेतलेला नाही' हे शपथेवर लिहिणं खोटं ठरतं. शिवाय बारावीच्या कॉलेजचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला बीएस्सीच्या कॉलेजात जमा असतो. ज्यांनी असं नाव घातलंय त्यांना गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतच नाही, त्यांना लागतो त्या कॉलेजचा टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि शिवाजी विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, कारण राज्यातल्या फेरीतून मिळणारं बीडीएस नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. टीसीआधी कॉलेज वर्षाची उरलेली फी मागतं. जागा मिळाल्यावर हजर व्हायला मोजकेच दिवस असतात, तेवढ्यात हे होत नाही. नीटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात या कामाला लागा.

नॉन क्रिमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला. त्याची तारीख लोक हमखास चुकीची वाचतात. दाखला 'सध्या चालू आहे' एवढं पुरत नाही. तो प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. २०२६-२७ चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७. एकाच वर्षाचं उत्पन्न जोडलं तर प्रांत कार्यालयातून दाखलाही एकाच वर्षाचा येतो. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडून तीन वर्षांचा मागावा, म्हणजे ड्रॉप पडला तरी तो टिकतो. पगार आणि शेतीचं उत्पन्न नॉन क्रिमीलेअरच्या मर्यादेत धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचं आरक्षण) मात्र सगळंच धरतात आणि तो दाखला दरवर्षी नवा लागतो.

मराठा उमेदवारांचा गोंधळ सगळ्यात जास्त, आणि त्यात चूक त्यांची कमी, व्यवस्थेची अधिक. राज्याच्या प्रवेशात २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) १० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे तिथे त्यांना राज्याचं ईडब्ल्यूएस मिळत नाही. केंद्राच्या यादीत एसईबीसी नावाचा प्रवर्गच नाही. म्हणून नीटच्या अर्जात ओबीसीवर टिक करू नये. तिथे जनरल किंवा, बसत असेल तर, केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस. त्याला आठ लाखांच्या मर्यादेबरोबर जमिनीचीही अट आहे: कुटुंबाची पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर उत्पन्न काहीही असो, दाखला मिळत नाही. ओबीसी उमेदवारांनीही आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघून केंद्राच्या नमुन्यातला दाखला चालू आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर काढावा. राज्याचा नमुना तिथे चालत नाही.

जातवैधतेशिवाय, म्हणजे जातीचा दाखला पडताळणी समितीने खरा ठरवल्याशिवाय राज्याच्या फेरीत राखीव प्रवर्ग मिळत नाही, नाव खुल्या यादीत जातं. अर्ज केल्याची पावती पुरेल या आशेवर राहू नका. शासन काही वर्षी मुदतवाढ देतं, पण ती मिळेपर्यंत जीव टांगणीला. कोल्हापूरची समिती विचारेमाळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जमातीचे अर्ज मात्र आदिवासी विभागाच्या वेगळ्या समितीकडे जातात. विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का लागतो, आणि ड्रॉपवाला इथेच लटकतो: कॉलेज म्हणतं तू आता आमचा नाहीस, समिती म्हणते कॉलेजचं पत्र आण. बारावी जिथून केली त्याच ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांकडे दाखला आणि बोनाफाईड घेऊन जा, आणि हे जून-जुलैतच करा. जो अजून बारावीत आहे त्याने तर आजच अर्ज टाकावा, ड्रॉप घ्यायचा की नाही ते नंतर ठरेल.

जातीचा पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा हवा हे प्रवर्गानुसार ठरलेलं आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांचा शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद उपयोगी पडते. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, त्याआधीच्या बऱ्याच नोंदी मोडी लिपीत आहेत. मोडी उतारा मिळाला तर जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्यावं लागतं, नुसती झेरॉक्स जोडून भागत नाही. वडील, सख्खे काका, आत्या किंवा चुलत भावंडं यांपैकी कुणाची वैधता झाली असेल तर तो सगळ्यात भक्कम पुरावा. आईकडच्यांची चालत नाही. आणि अर्जात मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. त्रुटीचा मेसेज नेट कॅफेवाल्याच्या फोनवर जातो आणि अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

अर्ज दोन ठिकाणी करायचा असतो आणि दोन्ही वेगळे आहेत. नीटचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. राज्याच्या ८५ टक्के आणि खासगी कॉलेजांच्या जागा सीईटी सेल भरतं. सरकारी कॉलेजांतल्या देशपातळीच्या १५ टक्के आणि अभिमत (स्वतःलाच विद्यापीठाचा दर्जा असलेल्या) विद्यापीठांच्या जागा एमसीसी ही केंद्राची दिल्लीतली समिती भरते. कोल्हापुरात सरकारी दंत महाविद्यालय नाही, ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. जवळची दोन खासगी कॉलेजं, नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे आणि सांगलीजवळच्या कवलापूरचं वसंतदादा पाटील, सीईटी सेलच्या यादीत येतात. सांगलीचं भारती विद्यापीठ आणि कराडचं कृष्णा अभिमत आहेत. ती सीईटी सेलच्या यादीत शोधत बसू नका. अभिमतसाठी एमसीसीकडे ५,००० रुपये नोंदणी आणि २ लाख अनामत आधी भरावी लागते, आणि राज्याचं आरक्षण किंवा फीची सवलत तिथे लागत नाही. एमसीसीच्या शेवटच्या स्ट्रे फेरीत जागा लागली आणि घेतली नाही तर अनामत तर जातेच, पुढच्या वर्षी नीटलाही बसता येत नाही. आणखी एक ड्रॉप मनात असेल त्यांनी हे दोनदा वाचावं.

खासगी कॉलेजातल्या कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश फेरीच्या) जागेवर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या एसईबीसी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. संस्थास्तरावरच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ती मिळत नाही, हे दलाल सांगत नाहीत. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा भरावा लागतो.

मेडिकल फिटनेसचा दाखला माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यावरच घ्या. नाव आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि नीट तिन्हीकडे सारखं आहे ना बघा. आधारमध्ये वडिलांचं नाव नसेल तर ते निकालाआधीच दुरुस्त करा.

राज्याच्या पसंतीक्रमात एमबीबीएस आणि बीडीएस एकाच अर्जात येतात. जागा मिळून हजर झाल्यावर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, म्हणजे ती जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद. तो भरला नाही तर पुढच्या फेरीत वरची पसंती लागू शकते. यादीत नागपूर वर आणि नवे पारगाव खाली असेल आणि नागपूर लागलं, तर नवे पारगावची जागा त्याच क्षणी दुसऱ्याची होते, तुम्ही नागपूरला जा किंवा जाऊ नका.