भाकड जनावरांचा आसरा : मराठवाड्यातील गोशाळांची पार्श्वभूमी

वसुबारसेला किंवा पोळ्याच्या आसपास मुलाबाळांना घेऊन जवळच्या गोशाळेत जाणारी कुटुंबे आता मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांत दिसतात. दुभत्या गायींची दावण पाहायला मिळेल या अपेक्षेने आलेल्या माणसाला तेथे बरेचदा वेगळेच जनावर भेटते. नांगराला न चालणारा बैल, कोणी विकत न घेतलेला खोंड, चार-पाच वेतांनंतर भाकड झालेली गाय. बैलाच्या खांद्यावर जुवाने पडलेला टणक घट्टा असतो, खुरांना झिजलेल्या पत्र्या असतात आणि कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. ही जनावरे येथे का आली, याचे उत्तर बव्हंशी गेल्या बारा-पंधरा वर्षांत सापडते, आणि त्यात श्रद्धेइतकाच दुष्काळाचा व कायद्याचा वाटा आहे.

जुना भाग थोडक्यात सांगता येतो. मुंबईची पांजरपोळ १८३४ ची. व्यापाऱ्यांच्या देणगीवर अशक्त जनावरे सांभाळण्याची ती रीत पुढे इतर बाजारपेठांतही दिसते, आणि मराठवाड्यातील जुन्या गोशाळांनाही मोंढ्यातील व्यापाऱ्यांचाच आधार होता. गावोगावी देवाला सोडलेला वळू असे आणि मोकाट जनावरांसाठी कोंडवाडा असे. शेतकऱ्याचा म्हातारा बैल मात्र यांपैकी कोठेच जात नसे. तो बाजारात जाई आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून नवी जोडी दावणीला येई. हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, देवणी आणि लाल कंधारी बैलांची खरेदी-विक्री याच फेऱ्यावर चालत आली. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचे बैल तर टायरगाडी ओढून लवकर थकत, आणि हंगाम संपल्यावर त्यांचे काय करायचे हा प्रश्न घरोघरी असे. हा हिशोब निष्ठुर वाटेल, पण कोरडवाहू शेतकऱ्याची नवी जोडी त्यातूनच उभी राहत होती, हे विसरून गोशाळांचा इतिहास सांगता येणार नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत चारा छावण्या उघडल्या आणि जनावरे सामुदायिकरीत्या सांभाळण्याचा मोठा अनुभव या भागाला मिळाला. छावणीत जनावराबरोबर माणूसही महिनोन्‌महिने राहिला. २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे पुन्हा कोरडे गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या दोनच महिने आधी छावण्या बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला होता आणि ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला होता. छावणी तात्पुरती असते आणि तेथील जनावराला मालक असतो. छावणी उठल्यावर मालक ज्याला परत नेऊ शकत नाही, त्या जनावराचे काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

नेमक्या याच काळात कायदा बदलला, आणि सगळा वाद येथे येऊन थांबतो. १९७६ च्या राज्य कायद्याने, जो १९७८ मध्ये लागू झाला, गायीच्या कत्तलीवर बंदी होती. शेतीला निरुपयोगी ठरलेल्या बैलाला व वळूला दाखला घेऊन कत्तलीची परवानगी मिळत असे. ही मुभा काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केले, परंतु राष्ट्रपतींची संमती मिळायला फेब्रुवारी २०१५ उजाडला आणि ४ मार्च २०१५ पासून बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हशी व रेडे या बंदीबाहेरच राहिले, म्हणून टाकून दिलेला रेडकू गोशाळेत क्वचितच दिसतो.

बंदीमागील करुणा खरी आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वीस वर्षे अडकून पडलेली तरतूद जेव्हा अमलात आली, तेव्हा मराठवाड्यात कडब्याची पेंढी मिळत नव्हती, आणि निरुपयोगी बैलाची जबाबदारी कोणतीही भरपाई न देता शेतकऱ्याच्या गळ्यात पडली. शेतीसाठी बैल विकण्यास कायद्याने कधीच मनाई केलेली नाही. तरीही वाटेत गाडी अडवली जाईल या धास्तीने बाजारातील व्यवहार आखडले आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही.

पकडलेल्या गाडीतील जनावरे गोशाळेत येतात ती न्यायालयाच्या दृष्टीने मुद्देमाल म्हणून. बाजाराची पावती दाखवून मालक ती परत मागतो, तर ताबा घेतलेली गोशाळा म्हणते की परत दिलेले जनावर पुन्हा त्याच वाटेला लागेल. खटला चालू असेपर्यंत जनावर विकता येत नाही की कोणा गरजू शेतकऱ्याला नांगरासाठी देता येत नाही, आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी अशी जनावरे खटल्यादरम्यान गोशाळेकडे किंवा पांजरपोळीकडे सोपवण्याची आणि त्यांचा खर्च मालक व वाहतूकदार यांच्याकडून वसूल करण्याची तरतूद केली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार मात्र मालकी काढून घेता येते ती गुन्हा सिद्ध झाल्यावरच. या विसंगतीवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बोट ठेवले आणि नियम बदलण्यास केंद्राला सुनावले. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु निकालाची वाट पाहत दावणीलाच म्हातारे होणाऱ्या बैलाच्या बाजूने कोणी लवकर निर्णय मागताना दिसत नाही, याचे वाईट वाटते.

जनावरे सांभाळणारे सगळे एकाच विचाराचे किंवा एकाच धर्माचे आहेत, हा समजही बरोबर नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील एका मुस्लिम कुटुंबाने कत्तलखान्याकडे निघालेली जनावरे सांभाळण्याचे काम नव्या कायद्याच्या कितीतरी आधी सुरू केले आणि पुढच्या पिढीनेही ते सोडले नाही. त्या कामासाठी २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

भेट देणाऱ्यांसाठीचे नियम २०२२ च्या लम्पी साथीनंतर कडक झाले. हा रोग माणसाला होत नाही. माश्या, डास आणि गोचीड यांमुळे तो जनावरांत पसरतो, तरी त्या काळात अनेक ठिकाणी बाहेरच्यांना प्रवेश बंद होता. पंगतीत उरलेल्या पोळ्या, वरण-भात आणि ढेपभर गूळ घेऊन येणाऱ्यांना आता समजावून परत पाठवतात, कारण असे अन्न एकदम पोटात गेले की आम्लता वाढते, रवंथ बंद पडतो आणि जनावर दगावू शकते. हिरवा चारा, कडबा किंवा उसाचे वाढे आणावेत. तेही गव्हाणीत स्वतः न टाकता तेथील माणसाच्या हाती द्यावेत.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. राज्य सरकारच्या २०१७ च्या योजनेत भाकड गायी व निरुपयोगी बैल सांभाळण्यासाठी जिल्ह्यातील एका गोशाळेला एक कोटी रुपयांपर्यंत मदत ठरली. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीला राज्यमातेचा दर्जा देताना गोशाळांतील देशी गायींसाठी रोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान जाहीर झाले. त्यासाठी कानातला बिल्ला सक्तीचा आहे आणि संकरित गायी त्यात बसत नाहीत. २०१९ च्या दुष्काळात छावणीतील मोठ्या जनावरासाठी सरकार रोज १०० रुपये देत होते. त्यानंतर कडबाही महागला आणि मजुरीही वाढली, तरी गोशाळेतील गायीसाठीचा दर त्याच्या निम्माच ठरला. उरलेला खर्च आजही देणग्या आणि शेणखताची विक्री यांतूनच भागवावा लागतो, आणि पाऊस लांबला की पहिल्यांदा आटते ती देणगीच.