बस्त्याला निघालेल्या गिऱ्हाईकाला तुमचं दुकान सापडतं का?

वेबसाइट करून घेणाऱ्या आणि असलेली सुधारू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

म्हापशाचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला यायचं ठरवतंय. चोर्ला घाट चढून यायचं, म्हणजे पहाटे निघायला हवं. गाडीत आठ माणसं, त्यात दोघं वयस्कर. आदल्या रात्री घरातली मुलगी मोबाइल घेऊन बसते. तुमच्या दुकानाची स्थापना कधी झाली हे तिला नंतर वाचता येईल. आत्ता तिला बघायचंय की उद्या दुकान उघडं आहे का, गाडी कुठं लावायची, मानपानाच्या साड्या कितीपासून सुरू होतात, फॉल-पिको त्याच दिवशी करून मिळतं का. ज्या दुकानाच्या साइटवर ही उत्तरं सापडतात, तिथं ती फोन लावते.

आम्ही वेबसाइट करतो ती या मुलीसाठी. म्हणून पहिल्याच पानावर फिरती चित्रं आणि ‘आपले सहर्ष स्वागत’ ठेवायला आमची नाराजी असते. ती जागा फार मोलाची आहे.

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं, गिऱ्हाईक वेगळं, पण त्याची रीत हीच. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या कारखान्यातला खरेदी खात्याचा माणूस एका बैठकीत दहा फौंड्रींच्या साइट उघडतो. ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ दहाही ठिकाणी लिहिलेलं असतं. त्याला हवं असतं ते असं: ग्रे आयर्न ओतता की एसजी आयर्न (बिडाचे दोन प्रकार), एफजी 200, एफजी 260 या ग्रे आयर्नच्या ग्रेडपैकी नेहमीचे कोणते, एक कास्टिंग (ओतीव भाग) किती किलोपासून किती किलोपर्यंत, पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) तुम्ही करून देता का, मशिनिंग आवारातच होतं की बाहेर, धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे का. एवढं एका पानावर स्पष्ट लिहा, मग येणारी चौकशी ड्रॉइंगसकट येते. जे काम तुम्ही करतच नाही त्याचे फोनही कमी होतात. ही माहिती काढायला आम्ही शॉपवर येऊन सुपरवायझरबरोबर उभे राहतो, कारण फोनवर रोज हीच उत्तरं तो देत असतो.

आता गावाच्या नावाचं. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. पण चंदगड, गडहिंग्लज किंवा गोव्यातला माणूस बोलताना बेळगावच म्हणतो आणि तेच टाइप करतो. इंग्रजीत शोधणारे पुष्कळजण जुनंच स्पेलिंग लिहितात. ही सगळी रूपं पानावर वाक्यांतून सहज यायला हवीत. तळाशी गावांची नावं कोंबून ठेवली तर गूगल त्याला स्पॅम समजतं आणि वाचणाऱ्यालाही ते खटकतं. बैलहोंगल-सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येत असेल, तर कन्नड पान हवंच. मराठी, कन्नड, इंग्रजी, प्रत्येकाचं पान वेगळं ठेवावं. मशीनने केलेलं कन्नड भाषांतर आम्ही तसंच चढवत नाही, घरात कन्नड बोलणाऱ्या माणसाकडून आधी वाचून घेतो.

सुरुवातीच्या काळात आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगायला हवी. एका ग्राहकाने डीटीपीवाल्याकडून मराठी मजकूर आणला होता, जुन्या फॉण्टमधला. वेबवर टाकला की अक्षरांची खिचडी व्हायची, म्हणून आम्ही त्या मजकुराची चित्रंच करून चढवली. पान देखणं दिसत होतं, पण शोधात येत नव्हतं. चित्रातल्या अक्षरांच्या भरवशावर पान सापडत नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. ग्राहकाचे कित्येक महिने वाया गेले, याचं आजही वाईट वाटतं. सगळा मजकूर आमच्या खर्चाने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप केला. तेव्हापासून एक ओळसुद्धा चित्रात टाकत नाही.

फोन नंबर पूर्ण लिहावा. गावात लँडलाइनचे सात आकडे सांगून भागतं, पण बाहेरच्याला बेळगावचा कोड 0831 माहीत नसतं, आणि शेजारच्या गोव्याचा कोड 0832 आहे, तेव्हा घोटाळा सहज होतो. +91 पासून लिहिलेला नंबर दाबला की थेट फोन लागावा, शेजारी व्हॉट्सॲपचं बटण असावं. आणि त्या नंबरवर उत्तर देणारा माणूस असावा. ते काम आमच्याकडून होणार नाही, ते तुमच्याकडेच आहे.

मोबाइलने काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच टाकला तर घाटात, कमी रेंजमध्ये पान उघडतच नाही. आम्ही फोटो दोनशे केबीच्या आसपास आणतो. साडीचा पोत किंवा बेळगावच्या कुंदा या मिठाईचा रवाळपणा तेवढ्यातही नीट दिसतो. फोटो मात्र तुमच्याच मालाचा हवा, नेटवरून उचललेला नको.

गूगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. त्यातली वेळ आणि सुट्टी सणावाराला बदलत राहा. गणपतीत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असेल तर तसं लिहा. पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेणं आम्ही करत नाही, कृपया सांगू नका.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्या. आमच्याकडे आलेल्या एका व्यावसायिकाचं डोमेन आधीच्या डिझायनरच्या नावावर होतं. त्या माणसाचा नंबर बदलला, नूतनीकरणाची मुदत टळली, आणि वर्षानुवर्षं कार्डावर, पिशव्यांवर छापलेला पत्ता हातचा गेला. आम्ही सगळे पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या हाती देतो.

पहिल्या भेटीला येताना लोगो नसला तरी चालेल. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी फोनवर काय काय विचारलं, ते एका कागदावर लिहून आणा. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला विचारलंत तर कागद दोन्ही बाजूंनी भरेल. आम्ही कामाला तिथूनच सुरुवात करतो.