रंगाला भेगा वयामुळे पडत नाहीत

हल्ली रील्समध्ये नवंकोरं टेबल साखळीने बडवायचं, कडा काच पेपरने घासायच्या आणि अँटिक झालं म्हणायचं असं चाललंय. बेळगावात कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतलं फर्निचर ज्यांनी बघितलंय त्यांना हे लांबूनच ओळखू येतं, कारण जुनेपणा रंगाच्या भेगांत दिसतो. आणि या भेगा वयामुळे पडतात हा समजच चुकीचा आहे. भेग पडते ताणामुळे, आणि तो ताण आपण घरी एका दुपारीत तयार करू शकतो.

पाण्यातला इमल्शन रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) बारीक कण आणि पिगमेंट, म्हणजे रंग देणारी पूड. पाणी उडालं की कण जवळ येतात आणि थर आकसायला बघतो, पण खालून त्याला लाकडाने धरलेलं असतं, त्यामुळे जाडी कमी होते पण आडवं काही आकसता येत नाही आणि सगळ्या थरात ओढ साठते. ती झेपेनाशी झाली की थर फाटतो. पातळ थर सहसा फाटत नाही, कारण भेग उघडायला लागणारी ऊर्जाच त्यात साठलेली नसते.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. एक भेग पडली की तिच्या दोन्ही बाजूंची आडवी ओढ सुटते, पण भेगेच्या लांबीच्या दिशेची ओढ तशीच राहते, म्हणून दुसरी भेग येते ती पहिलीला काटकोनात येऊन भिडते आणि तिथेच थांबते. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाच्या काठाला सुकलेला गाळ नीट बघा, हेच काटकोन दिसतील. नक्षी बघून कुठली भेग आधीची आणि कुठली नंतरची हे सांगता येतं, जी सलग गेलीय ती आधीची.

लाकडावर यात अजून एक गोष्ट मिसळते. लाकूड दमटपणाने फुगतं ते त्याच्या उभ्या रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे जुन्या कपाटावरच्या भेगा बहुतेक रेषांच्या दिशेनेच धावतात. रात्री जुनं कपाट कट् कट् वाजतं तेही याच हालचालीमुळे, आधीच्या मालकाचा आत्मा वगैरे काही नसतो, उगाच लिंबू-मिरची बांधू नका.

आता घरी कसं करायचं. आधी गडद रंग द्या, पूर्ण वाळू द्या. त्यावर पांढऱ्या फेविकॉलचा हात मारा आणि बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही अशी वेळ धरून फिकट इमल्शन एकाच हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढा. परत त्याच जागी ब्रश फिरवला तर उघडायला लागलेल्या भेगा बुजतात. रंगातल्या पाण्याने फेविकॉल मऊ होतो, वरचा थर आधी सुकून आकसतो आणि खाली पकड ढिली असल्यामुळे फाटून बाजूला सरकतो. फेविकॉल जाड तर भेगा रुंद. वर ऑइल पेंट दिला तर हे जमत नाही, त्यात फेविकॉल मऊ करायला पाणीच नसतं.

खानापूर, बेळगावकडे जुलैत हे करू नका. हवा इतकी दमट असते की रंग हळूहळू सुकतो, पॉलिमरला सैल व्हायला वेळ मिळतो आणि ओढ साठतच नाही. मार्च-एप्रिलची कोरडी दुपार उत्तम.

घरात खरंच जुनं रंगवलेलं कपाट असेल तर मात्र कोरडा काच पेपर अजिबात मारू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं आणि त्याची धूळ लहान पोरांच्या मेंदूला घातक आहे. अशा कपाटाला घासायचंच नाही, आणि रंग सुटत असेल तर ते पोरांपासून लांब ठेवा; सुटणाऱ्या रंगावर नुसता नवीन रंग मारून भागत नाही, तोही खालच्या रंगाबरोबर सुटतो.

शेवटचा हात वार्निशचा, तोही ऑइल बेसचा, कारण पाण्यातलं वार्निश ब्रशने घोटलं तर खालचा फेविकॉल परत सुटतो आणि भेगांच्या कडा उचलतात.