दंडावरच्या पट्ट्याला न कळणारा दाब

येळ्ळूरला राजहंसगडाच्या पायथ्याशी वाकून दिवसभर भात लावणाऱ्या आमच्या आत्याला अडतिसाव्या वर्षी घराचा जिना चढवेना. कुणी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, कुणी दंडाला पट्टा बांधून "बीपी नॉर्मल हाय की" म्हणालं. दोन वर्षं अशीच गेली. पुढे पाय सुजले, एकदा बांधावर चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे बेळगावात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. दाब वाढलेलाच होता, पण फुफ्फुसांच्या धमन्यांत.

तिथला दाब दंडावर कळत नाही. निरोगी माणसात तो सरासरी पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. २० च्या वर गेला की आजार धरतात. नेमका मोजायचा तर हृदयाच्या उजव्या बाजूत बारीक नळी घालावी लागते. हा उजवा कप्पा पातळ भिंतीचा. पुढची वाट अरुंद झाली की तोच रेटून रेटून थकतो.

वाट अरुंद का होते? धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढतच राहतात आणि वेळ झाली तरी मरत नाहीत. त्यांचा लगाम सुटतो तो कुठे, हे शोधताना शास्त्रज्ञ मायक्रोआरएनएपर्यंत पोहोचले.

पेशीत जनुकाची नक्कल करून एक चिठ्ठी निघते आणि ती वाचून प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो त्या चिठ्ठीला चिकटतो आणि वाचन थांबवतो, किंवा चिठ्ठीच नष्ट करवतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना तो १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. २०२४ चं नोबेल त्यासाठीच.

या आजारातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तुकडा म्हणजे २०४ क्रमांकाचा. रुग्णांच्या धमन्यांतल्या स्नायूपेशींत तो घटलेला असतो. तो घटला की स्टॅट-३ नावाचं, पेशींना वाढायला लावणारं प्रथिन जागं राहतं. आणि हेच प्रथिन उलट २०४ ला आणखी दाबतं. एकदा बांध फुटला की पाणी स्वतःच भगदाड मोठं करत जातं, तसंच हे. कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आजारी उंदरांच्या फुफ्फुसांत कृत्रिम २०४ सोडला, तेव्हा आजार बराच उतरला.

मग माणसाला का देत नाहीत? कारण एकच तुकडा शेकडो चिठ्ठ्या अडवू शकतो, आणि पेशी बदलली की त्याचं कामही बदलतं. २१ क्रमांकाचंच बघा. काही प्रयोगांत तो रोखल्यावर उंदीर सुधारले, तर ज्या उंदरांत तो मुळातच नव्हता त्यांचा आजार दुसऱ्या प्रयोगात बळावला. अशा वेळी घाई करणं जिवावर बेतेल.

आत्या सध्या सिल्डेनाफिल घेते. त्याने धमन्या सैलावतात, जिन्याचे दोन टप्पे ती सलग चढते. आमच्या खानापूरच्या वहिनी चुलीपुढे दमल्या, तेव्हा तिनंच त्यांना इकोला धाडलं. परवा हे सगळं ऐकून तिनं विचारलं, "मग ती चिठ्ठी अडवणारं औषध आमच्यापतूर कवा येणार?"

मी खरं तेच सांगितलं: अजून उंदरांपाशीच आहे, आत्या.