आटे मोजणारा खेळाडू

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी भल्या पहाटे लागतो. एवढ्या लवकर उठून तो बघणारे मोजकेच, पण त्यातला एकजण दरवर्षी हाच प्रश्न टाकतो: "तो वाकून पायांमधून चेंडू मागे फेकतो आणि लगेच बाकावर जाऊन बसतो, त्याला लाखो डॉलर कशाचे?" अख्ख्या सामन्यात त्याच्या वाट्याला जेमतेम दहाएक चेंडू येतात, हे खरं आहे. फुकटचा पगार मात्र नाही.

या माणसाला लाँग स्नॅपर म्हणतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक वेळा लाथच मारतात. एकतर चेंडू लांब भिरकावून द्यायचा (हा पंट), नाहीतर गोलच्या दोन खांबांमधून काढायचा (हा फील्ड गोल). दोन्ही वेळा चेंडू आधी मागे पोचवायचा असतो. पंटर उभा असतो साधारण १५ यार्डांवर, म्हणजे १३.७ मीटर. तिथपर्यंत पाऊण सेकंदात चेंडू गेला पाहिजे. सरासरी वेग निघतो ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण चेंडूला पावणेतीन मीटरच्या आसपास खाली ओढतं. त्यामुळे जमिनीलगत सुटलेला चेंडू पंटरच्या कमरेशी पोचवायचा तर तो चौदा-पंधरा अंश वर रोखून सोडावा लागतो. नेम एक अंश चुकला की चेंडू २४ सेंटिमीटर बाजूला. हे सगळं डोकं खाली, ढुंगण वर, आणि जग उलटं दिसत असताना.

पण मला खरी गंमत वाटते ती फील्ड गोलची.

इथे अंतर निम्मं, सात-आठ यार्ड. मागे होल्डर गुडघा टेकून बसलेला असतो. तो चेंडू झेलतो, उभा धरतो आणि किकर लाथ मारतो. चेंडू मागे फेकण्यापासून (हा स्नॅप) लाथेपर्यंत सुमारे १.३ सेकंद. आता अमेरिकन फुटबॉलच्या एका अंगावर नाडीची शिवण असते. पाय त्या शिवणीवर बसला तर चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून शिवण गोलकडे तोंड करून हवी. होल्डर बोटाने चेंडू फिरवू शकतो, पण तोवर किकरचं पहिलं पाऊल पडलेलं असतं. चांगला लाँग स्नॅपर ही पाळीच येऊ देत नाही. चेंडू होल्डरच्या हातात पडतो तोच शिवण योग्य बाजूला घेऊन.

हे जमतं कसं? चेंडू स्वतःभोवती गिरक्या घेत जातो. त्यामुळे त्याचं टोक डगमगत नाही, हे भोवऱ्याचं तत्त्व शाळेत शिकलेलं असतं. सोयीसाठी सेकंदाला १० गिरक्या धरू आणि वेग सेकंदाला १८ मीटर. म्हणजे एका गिरकीत चेंडू १.८ मीटर पुढे सरकतो. स्क्रूच्या आट्यांसारखंच हे: एक फेरा, ठरलेलं अंतर. आठ यार्ड म्हणजे ७.३ मीटर, त्यात चार गिरक्या. होल्डर ४५ सेंटिमीटर मागे सरकला तर पाव गिरकी जास्त होते आणि शिवण ९० अंश फिरलेली मिळते. म्हणून सरावात स्नॅपर आणि होल्डर बसायची जागा वीतभर पुढेमागे करून बघतात, नाहीतर स्नॅपर हातात शिवण थोडी फिरवून धरतो.

यातली मेख अशी की वेळेला इथे महत्त्व नाही, वेग आणि गिरक्या यांच्या गुणोत्तराला आहे. दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढले तर चेंडू लवकर पोचेल, पण गिरक्या चारच होतील. बोटं चेंडूवरून घसरता घसरता त्याला फिरवतात, तेव्हा हात जितका जोरात जाईल तितकी गिरकीही जोरात. गुणोत्तर बरंचसं आपोआप सांभाळलं जातं. पण पकड ढिली पडली, पावसाने कातडं ओलं झालं की ते बिघडतं. गुणोत्तर पाच टक्के हललं तर चार गिरक्यांत ०.२ गिरकीचा फरक, म्हणजे ७२ अंश. पाच टक्क्यांत खेळ खलास!

असं काही दिसलं की "सरावाने स्नायूंनाच सगळं पाठ होतं" असं सांगून महागडे कोर्स विकणारे पुढे येतात. स्नायू काही पाठ करत नाहीत. आपण काय करायला गेलो आणि प्रत्यक्ष काय झालं यातली तफावत टिपून पुढच्या वेळी हुकूम सुधारण्याचं काम मुख्यतः लहान मेंदूचं. त्याला लागतात हजारो चेंडू, आणि प्रत्येक वेळी चूक दिसणं.

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आणि बहुतेक संघांत एकच लाँग स्नॅपर, म्हणजे तिथे या नोकऱ्या साधारण ३२. एकदा चिकटला की माणूस हलत नाही, कारण यात पळण्याचा वेग लागत नाही आणि धडकाही इतरांपेक्षा कमी. शिकागो बेअर्सचा पॅट्रिक मॅनेली १९९८ ते २०१३ असे १६ हंगाम टिकला, २४५ सामने खेळला. डेट्रॉइट लायन्सचा डॉन मुल्बाक १७ हंगाम. इतक्या वर्षांत त्यांची नावं कॉमेंटेटरच्या तोंडी क्वचितच आली असतील, कारण स्नॅप बिघडला तरच नाव घेतात.

ट्रे जंकिनचं घेतलं. १९८३ पासून खेळून निवृत्त झालेल्या या माणसाला न्यूयॉर्क जायंट्सने ऐन प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) आठवड्यात परत बोलावलं. ५ जानेवारी २००३, समोर सॅन फ्रान्सिस्को. ३८-१४ अशी पुढे असलेली जायंट्स आता ३८-३९ अशी मागे पडली होती. शेवटची काही सेकंद, ४१ यार्डांचा फील्ड गोल. जंकिनचा स्नॅप नेम सोडून गेला, होल्डरला तो नीट धरता आला नाही आणि लाथ मारलीच गेली नाही. जंकिनचा तो शेवटचा सामना. त्याआधीचे त्याचे १९ हंगाम आज किती जणांना आठवतात?